वाचकांचे प्रश्न : पोर कुणाकडे ठेवून येता?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं आणि पोस्टमनला कामाला लावलं. बाळंतपणातला आधार, पाळणाघर, अंगणवाडी, ताजा आहार ही मूल सहा वर्षांचं होईपर्यंतची सोय गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येक मुलाला मिळाली पाहिजे, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण तिच्याबद्दल विचारलं पाहिजे, असं ते वाक्य होतं. निम्म्या पत्रांत शाबासकी आहे. ती बाजूला ठेवली. उरलेल्यांतली पाच घेते.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी एकात्मिक बालविकास प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, होते, माण तालुक्यात, 29 वर्षं. 'पर्यवेक्षिका' हा शब्द कागदावर होता. गावांनी मला कायम 'बाई'च म्हटलं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. आयुष्यभर कर चुकवला नाही. कोथरूडमध्ये दोन गाड्या बाळगणाऱ्या घरातल्या मुलाचं पाळणाघर माझ्या करातून का चालावं? पैसा मोजका आहे, तो गरजूंनाच द्या. 'सगळ्यांना' म्हटलं की कुणालाच धड मिळत नाही.
— निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : काका, नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अगदी हेच बोलत होते. गरजूंनाच द्या म्हटलं की आधी यादी करावी लागते, आणि ती यादी करायला माझ्यासारखीलाच पाठवतात. आमच्या एका वाडीत दारिद्र्यरेषेच्या यादीत एका विधवेचं नाव नव्हतं. यादी झाली तेव्हा नवरा जिवंत होता आणि दावणीला बैलजोडी होती. नवरा गेला, बैल विकले, यादी तशीच राहिली. त्याच यादीत पोल्ट्रीवाल्याचं नाव मात्र पहिल्या पानावर होतं. ही चूक कुणी मुद्दाम केली असंही नाही. घरची हलाखी दर पावसाळ्यात बदलते आणि यादी दहा वर्षांनी.

पण यादीपेक्षा मोठी गोष्ट मला एका गळक्या छपरानं शिकवली. अंगणवाडी समाजमंदिरात भरायची. पत्र्याला भोकं होती. मी चार वर्षं वरच्या कार्यालयाला लिहीत होते, जावक क्रमांक टाकून. अंगणवाडी म्हणजे वस्तीवरच्या पोरांची, असं गावानं मनात धरलेलं होतं. मोठ्या घरातली मुलं व्हॅननं तालुक्याच्या नर्सरीत जायची.

एका जून महिन्यात गावातल्या सगळ्यात मोठ्या वाड्याची सून आडवाटेनं माझ्याकडे आली. मूल दोन वर्षांचं, दिसायला गोरंगोमटं. काट्याला लावलं तर वजन कमी भरलं. घरात दूध-तूप वाहत होतं आणि पोराला दिवसभर बिस्किटाचे पुडे. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर ती मूल अंगणवाडीत आणायला लागली, खिचडी खायची सवय लागावी म्हणून. पहिल्या दिवशी आजी पाठोपाठ आली, हातात पाट घेऊन. नातू सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसणार नाही म्हणाली. आमची मदतनीस वस्तीवरचीच होती. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "पाट आणायचा तर चाळीस आणा, माँसाहेब." आजी पाट घेऊन परत गेली. नातू सतरंजीवर बसला. त्या पावसाळ्यात तो एकदा भिजून घरी गेला आणि पंधरा दिवसांत पत्रे बदलले.

मला तेव्हा रागच आला होता. चाळीस पोरं भिजत होती तेव्हा पत्रे कुठं होते? पण राग गिळला, कारण पत्रे चाळिसांच्याही डोक्यावर होते.

तुम्ही बँकेत होता म्हणून रेशनचं उदाहरण देते. 1999 मध्ये महाराष्ट्रात शिधापत्रिकेला तीन रंग आले: पिवळा, केशरी, पांढरा. पांढरं कार्डवाले दुकानाच्या रांगेतून निघून गेले. त्यांच्याबरोबर तहसीलदाराला फोन करू शकणारा माणूसही रांगेतून निघून गेला. तांदळात खडे निघाले तर आता ओरडणार कोण?

ही धास्ती कोर्टालाही पटली असावी. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये स्पष्ट सांगितलं की अंगणवाडीच्या सेवांसाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही. बाळंतिणीच्या पैशाचं मात्र उलटं झालं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं आहे की सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या बायका सोडून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये. 2017 मध्ये योजना आली ती पहिल्या बाळापुरती आणि 5000 रुपयांची. अर्जाला नवऱ्याचंही आधार कार्ड लागायचं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं ते कुठून आणायचं, हे मला वरून कुणी सांगितलं नाही. पुढं दुसरी मुलगी झाली तर 6000 असं झालं. म्हणजे दुसरा मुलगा झाला तर आईला बाळंतवेणा कमी येतात की काय कोण जाणे. 'प्रत्येक' शब्द कापला गेला तेव्हा आमच्याकडे मोर्चा निघाला नाही. ज्यांचा आवाज पोचतो त्या बायकांना पगारी रजा होती.

दोन गाड्यावाल्याचं म्हणाल तर त्याच्याकडून कर घ्या की, भरपूर घ्या. माझी भाची जर्मनीत श्टुटगार्टला असते. तिथं मुलामागे दरमहा सरकारी पैसे येतात, तिच्या साहेबालाही आणि ऑफिस झाडणाऱ्या बाईलाही. कुणी त्याला भीक म्हणत नाही. ते बंद करू म्हणणाऱ्याला तिथं मतं मिळणार नाहीत, असं ती सांगते.

प्रश्न : माझं कपडे शिवायचं छोटं युनिट आहे, 14 बायका कामाला. सहा महिन्यांची पगारी रजा द्यायची म्हणजे मी धंदा बंद करू का? खरं सांगतो, आता लग्न झालेली नवी मुलगी घेताना मी विचार करतो. छापायचं तर छापा.
— एक उद्योजक, इचलकरंजी

उत्तर : छापलं. खरं लिहिलंत म्हणून आधी तुमच्या कामाचं सांगते. तुमच्या बायकांचा पगार महिना 21,000 रुपयांच्या आत असेल, आणि असणारच, तर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, नोंदणी आहे का ते बघा. ती असली की रजेतला पगार महामंडळ देतं, तुमच्या गल्ल्यातून जात नाही. नसली तर ती चूक तुमच्या हिशेबनीसाची आहे, त्या नव्या मुलीची नाही.

पण तुमचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तो जुना आहे. 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बोलले. आईला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. आणि त्याच भाषणात हेही मान्य केलं की याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं हित जपणं हे मुळात सरकारचं काम. पुढच्या वर्षी कायदा झाला. भार मालकावरच राहिला. 2017 मध्ये रजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, तेव्हाही सरकारनं स्वतःच्या खिशात हात घातला नाही. टाळ्या सरकारला आणि बिल तुम्हाला, असं झालं तर तुमच्यासारखा माणूस त्या कायद्याच्या बाजूनं उभा कसा राहील?

आणि पाळणाघर? 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तरच ते सक्तीचं. तुमच्या रस्त्यावर अशी वीस युनिटं धरा, प्रत्येकात 14. मिळून 280 बायका, आणि कायद्याच्या नजरेनं पाळणाघर कुठंच लागत नाही. तुम्ही वीसजणांनी एका कागदावर सह्या करून महापालिकेकडे एक खोली मागा. बायका मागतात तेव्हा ती 'मागणी' होते. कारखानदार मागतात तेव्हा तिला 'पायाभूत सुविधा' म्हणतात. शब्दाचा फायदा घ्या.

प्रश्न : बाई, मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झाले. सुगीपुरतं तरी पाळणाघर काढावं असं मनात आहे. बैठकीत विषय काढला तर सगळे हसले. आधी रस्ता, आधी पाणी म्हणतात. ग्रामसभेत काय बोलू?
— एक सदस्य, जत तालुका

उत्तर : ग्रामसभेत तुम्ही काहीच बोलू नका. थांबा, सांगते.

आमच्याकडे हे केलं होतं, म्हणून चुकांसकट सांगते. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी सुरू झाली की अंगणवाडीचा पट निम्म्यावर यायचा. मी आणि सेविका वही घेऊन बांधाबांधानं फिरलो. 'तुम्हाला पाळणाघर हवं का?' असं एकीलाही विचारलं नाही. असं विचारलं की बाई म्हणते, "नगं बया, सरकारी काय सांगावं." आम्ही विचारलं, "पोर कुणाकडे ठेवून येता?" आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

"सासूकडं. तिला आता दिसत न्हाई."
"झोळीत. ते काय बाभळीखाली."
"थोरलीकडं."
"कडी लावून येती. काय करू?"

चार दिवसांत वहीत 31 मुलांची नोंद झाली. त्यांतली 6 कडी लावून आतमध्ये. 'थोरलीकडं' हे उत्तर 11 वेळा आलं. मग प्राथमिक शाळेच्या गुरुजींकडून दुसरी ते चौथीचा हजेरीपट मागून घेतला आणि दोन वह्या शेजारी ठेवल्या. फेब्रुवारीत गैरहजर असलेल्या मुली आणि आमच्या वहीतल्या 'थोरल्या', नावाला नाव जुळत गेलं. गुरुजी बराच वेळ गप्प बसले. त्यांनी त्या मुलींना गैरहजेरीसाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बहुतेक गावांत ती सह्यांपुरती होते. तुम्ही ती खरंच घ्या, संध्याकाळी, चूल पेटायच्या आधी, आणि तिथं वही वाचा. मग ग्रामसभेत बोलणारा माणूस शोधा. आमच्याकडे आम्ही बारा एकर ज्वारीवाल्या एका शेतकऱ्याला उभं केलं. त्याला मुलांच्या मेंदूच्या वाढीशी काही देणंघेणं नव्हतं. काढणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर दुपारीच पोरासाठी घरी पळतात, हे त्याचं दुखणं. तो उठला आणि म्हणाला, "पोरं एका जागी सांभाळा, माझी ज्वारी पडून राहती." हसणारे तिथं थांबले. त्याच्या पाठोपाठ गुरुजी दोन वह्या घेऊन उठले.

हेतू शुद्ध नव्हता म्हणून मी त्याला बाजूला सारलं नाही. गावात एखाद्या गोष्टीला पाठिंबा असा गोळा होतो. एकाला मजूर हवे असतात, एकाला शाळेचा पट, एकीला दुपारची झोप. सगळ्यांनी एकाच कारणासाठी हात वर करावा असा हट्ट धरला तर हात तुमचा एकटीचाच राहील.

पैशाचं सांगते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो. गेल्या तीन वर्षांत तो कशावर गेला, हे ग्रामसेवकाकडे लेखी मागा. आमच्याकडे तो शिलाई यंत्रांवर गेला होता. यंत्रं कुणाच्या घरी होती हे विचारू नका.

पाळणाघर सुरू झालं. समाजमंदिर, दोन बाया, सहा साड्यांच्या झोळ्या, पाण्याचा एक माठ. पहिल्या दिवशी 9 मुलं आली, आठव्या दिवशी 26. एका आजीनं रोज गूळ-शेंगदाणे पाठवले, कुणी न सांगता. आणि दोन सुग्या झाल्यावर ते बंद पडलं. तिसऱ्या वर्षी 'या कामाला लेखाशीर्ष नाही', म्हणजे खर्च दाखवायला सरकारी हिशेबात जागाच नाही, असा शेरा वरून आला. पण सगळा दोष शेऱ्यावर ढकलत नाही. ते पाळणाघर मी माझ्या पिशवीत घेऊन फिरत होते. आयांची समिती केली नाही, ठरावाची नक्कल त्यांच्या हातात दिली नाही. माझी बदली झाली आणि भांडायला कुणाला काय मागायचं हेच माहीत नव्हतं. ती चूक माझी.

तुम्ही नशीबवान आहात. आता केंद्राची 'पाळणा' योजना आहे. महिन्याचे 26 दिवस, दिवसाला साडेसात तास, हे तिच्या कागदावर लिहिलेलं आहे. अंगणवाडी सकाळी चार तास आणि ज्वारी दिवसभर, हा घोळ त्यातून सुटू शकतो. ठरावात 'पाळणाघर मिळावे' असं मोघम लिहू नका. तास लिहा, दिवस लिहा, मुलांची संख्या लिहा. आणि एखाद्या वस्तीवर अंगणवाडीच नसेल, पण सहा वर्षांखालची 40 मुलं असतील, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा आदेश आहे. ठरावाच्या वरच्या ओळीत तोच टाका. आदेशाचं साल वाचलं की कारकून खुर्चीत सरळ बसतो, हा माझा अनुभव.

रस्ता आधी म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना म्हणा, रस्त्याच्या कामावर येणाऱ्या बायकांची पोरं कुठं असणार आहेत तेवढं सांगा.

प्रश्न : मी खासगी शाळेत शिकवते. मुलगी दीड वर्षाची. सासूबाई म्हणतात, मूल आपलं, ते सरकारनं कशाला सांभाळायचं? आमच्या वेळी होतं का हे सगळं? नवरा मधल्या मध्ये गप्प. काय उत्तर देऊ?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : सासूबाईंना उत्तर देऊ नका, त्यांचे गुडघे कसे आहेत ते विचारा. 'आजी आहे ना' या तीन शब्दांवर या राज्यातली निम्मी पोरं वाढतायत, आणि आजीला कुणी विचारलेलं नाही. एक दिवस नवऱ्याला रजा घ्यायला लावा आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मुलीजवळ एकट्याला बसवा. मतपरिवर्तनाचं इतकं स्वस्त शिबिर दुसरं नाही.

आणि 'आमच्या वेळी' म्हणतात म्हणून एक सांगा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मूल घरातून काढून सरकारच्या ताब्यात द्यायचं असं त्यात कुठंच नव्हतं. अंगण घराचंच असतं की.

प्रश्न : बाई, तुम्ही लिहिता छान. पण लोकांना सगळं हवं असतं आणि करायचं आम्ही. वजन आम्ही, लसीकरणाला बोलावणं आम्ही, मोबाइलवर फोटो आम्ही, निवडणुकीच्या याद्या आम्ही. आम्ही संपावर गेलो तेव्हा गावातून एक माणूस बरोबर आला नाही. वर आता शेतावर जाणाऱ्या बाया दोन वर्षांची पोरं दारात सोडून जातात. तीन वर्षांखालच्यांना फक्त घरी न्यायचं पाकीट, बसवायची सोय नाही. नाही म्हटलं तर वाईट वाटतं, हो म्हटलं तर काही झालं की नोकरी माझी. काय करू?
— अंगणवाडी सेविका, माण

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या गावाचा पिनकोड ओळखीचा आहे, म्हणून अगं-तुगं करते.

संपात गाव आलं नाही, याला मीही जबाबदार आहे. 2023 च्या डिसेंबरात सेविका बाहेर पडल्या, जानेवारी उलटत आला तरी बाहेर होत्या. मी तेव्हा निवृत्त होते आणि घरात बसून बातम्या बघत होते. लोकांना तुमचं काम दिसतं, पण ते 'काम' आहे असं वाटत नाही, कारण सरकारच त्याला पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. केंद्रानं ठरवलेलं मानधन 2018 मध्ये महिना 4500 झालं. मुलाच्या आहाराला दिवसाला 8 रुपये, हा दर 2017 मध्ये ठरला. हे दोन आकडे आपण अंगणवाडीच्या दारावर खडूनं लिहायला हवे होते. बाहेर आई येते, आजी येते, सरपंच येतो. त्यांनी रोज वाचले असते. तुम्हाला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं, तेही किती आयांना माहीत आहे?

आता दारातलं पोर. त्याला परत पाठवू नकोस, आणि गुपचूप बसवूनही घेऊ नकोस. गुपचूप केलेली सोय कुणाच्याच हिशेबात येत नाही, आणि काही घडलं तर तुझ्याच गळ्यात येते. हजेरीपटाच्या मागच्या पानावर रेघा मार. तारीख, मुलाचं नाव, वय, आईचं नाव, आई कुठल्या शिवारात गेली, पोर किती वाजता आलं, किती वाजता नेलं. शेवटच्या रकान्यात आईची सही किंवा अंगठा. पर्यवेक्षिका भेटीला आली की ते पान तिच्यापुढं उघड आणि खाली तिचीही सही घे. ती टाळाटाळ करेल. मीही केली होती. तरी घे. महिना झाला की पानाची झेरॉक्स प्रकल्प कार्यालयाला दे आणि पोच घेऊन ठेव. एक झेरॉक्स आयांकडे, एक ग्रामपंचायतीतल्या सदस्यबाईकडे.

आणि नावं पेननं लिही. पेन्सिलीनं नको.